किल्लेदाराचे अश्रू

"हुंऽऽऽ!"

बंदरावरच्या ओसाड किल्ल्यातली पडकी विहीर घुमली आणि सगळी गर्दी हात जोडून जमिनीला टेकली. त्यात होडीवाले होते, जाळी विणणारे होते, गोदीतले कारकून होते, आणि सांगायला लाज वाटते, पण शाळेत भूगोल शिकवणारी मीसुद्धा होते.

"किल्लेदार जागे झाले!" विहिरीच्या काठावर ठाण मांडलेला बाबा गरजला. "शत्रूला किल्ला दिला नाही म्हणून जिवंत गाडलं त्यांना इथं! विचारा काय विचारायचं ते!"

"माझी नजर परत येईल का?" माझ्या अण्णांनी विचारलं. जन्मभर त्यांनी मोठमोठी जहाजं गाळातून वाट काढत बंदराला लावली होती. आता काचबिंदूमुळे त्यांना समोर बसलेली लेकही धड दिसत नव्हती.

विहीर पुन्हा घुमली.

"हो म्हणाले!" बाबाने विहिरीचं पाणी सपकन त्यांच्या डोळ्यातोंडावर मारलं. "खारट लागलं? लागणारच! किल्लेदारांचे अश्रू आहेत ते. औषधाचे थेंब मात्र बंद. अश्रू बाटतात त्याने!"

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी अण्णांचे डोळे तपासले आणि त्या माझ्यावरच उखडल्या. "उजवा गेला. डाव्याचं ऑपरेशन लगेच केलं तरच तो वाचेल. थेंब कोणी बंद केले?"

"किल्लेदारांनी," अण्णाच म्हणाले. "ऑपरेशन नको मला. उद्या बोलावलंय बाबांनी. आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा."

"अण्णा, उद्या भरती कधी?"

"आजच्यापेक्षा पाऊण तास..." ते बोलता बोलता थांबले. मग तोंड फिरवून पुटपुटले, "योगायोग असेल."

कसला योगायोग! भरती बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. पण बाबा रोज वेगळ्या वेळेला का बोलावतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, माझ्या सांगण्यावरून, माझा दादा तटाखाली उतरला. पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी जुनी मोरी शेवाळाआड दडली होती. ती थेट विहिरीच्या तळाशी निघत होती. दादाने तिच्यात ओली पोती गच्च कोंबली, त्यांना दोर बांधला आणि दोराचं टोक धरून तो तटावर जाऊन बसला.

भरती चढली, गर्दी जमली. विहीर गप्प.

"किल्लेदाऽऽर!" बाबाचा घसा बसला, तरी गप्पच. "कोणीतरी पापी आलंय इथं!"

"मी आलेय," मी उठून म्हणाले. "दादा, ओढ!"

पोती निघाली. "हुंऽऽऽ!"

"बघा, बोलले!" बाबा ओरडला. पण सगळे तटावर पोती ओढणाऱ्या दादाकडे बघत होते.

"लाट मोरीत घुसते, हवा वर ढकलते आणि विहीर घुमते," मी म्हणाले. "पाणी येतं तेही समुद्राचंच. इथं कोणालाही गाडलेलं नाही. तेव्हा गाळ उपसायची सोय नव्हती. बंदर भरलं, जहाजं येईनाशी झाली, किल्लेदाराची बदली झाली आणि तो बायकोमुलं, भांडीकुंडी घेऊन बोटीतून निघून गेला. पाचवीच्या मुलांना मीच शिकवते हे!"

बाबाने गुपचूप काढता पाय घेतला. त्याला कोणी अडवलं नाही, कोणी हसलंही नाही. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते.

"अण्णा, जन्म समुद्रावर गेला तुमचा," परतताना मी चिडून म्हणाले. "चव ओळखली नाहीत?"

"ओळखली होती गं. पहिल्याच दिवशी." "तेव्हाही ऑपरेशनचं बोलणं चालू होतं, आणि डोळ्याला सुरी लावून घ्यायची नव्हती मला. तो अश्रू म्हणाला, मीही अश्रूच म्हटलं." थोडं चालून ते थांबले. "पण पोरी, तू शेजारीच बसली होतीस. तुझ्याही तोंडावर उडालं होतं ना ते?"

उडालं होतं. मी ओठ पुसून परत हात जोडले होते.

ऑपरेशन झालं, डावा डोळा वाचला. उजवा उघडा असतो, पण मी त्या बाजूने आले तर अण्णांना कळत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, आपल्या जिभेला जे कळलं ते गर्दीला विचारत बसू नका. खारट लागलं तर खारट म्हणा, तिथल्या तिथे आणि मोठ्याने. शेजारी आपलं माणूस बसलेलं असतं.