उलटसुलट केसांचा टोप

ताई घरी परत येते, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही आता मोठे झाला आहात, म्हणून मधलं काळंबेरं मी गाळणार नाही. वाचताना जीव टांगणीला लागला, तर हे पहिलं वाक्य आठवा.

चढाच्या एका रस्त्यावर केसांचे टोप बनवणारं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायची खोली. दुकान मावशीचं. आईवडील गेल्यावर दोन्ही भाच्यांना तिनेच वाढवलं होतं. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच. खिडकीशी लांब टेबल होतं, त्यावर लाकडी डोकी आणि प्रत्येक डोक्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी. आकड्याच्या सुईने त्या जाळीत दोन-दोन केस गाठ मारून बसवायचे. एक टोप व्हायला महिना सहज जाई.

दुकानात पाऊल टाकणाऱ्याला मावशी पहिला धडा केसाच्या दिशेचा देई. केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. एखादा केस उलटा लागला, तर त्याचे खवले शेजारच्या केसात अडकतात. कोरडा असेतो असा टोप गुणी बाळासारखा वागतो. पाणी लागलं, की मात्र केस एकमेकांना घट्ट धरून बसतात.

"आणि मग तो गुंता सोडवणं कुणाच्या बापाला जमत नाही," मावशी म्हणे.

मूळ ओळखायची रीत सोपी होती. केस चिमटीत धरून बोटं पुढेमागे घासायची. केस आपोआप एका बाजूला सरकू लागतो. ज्या बाजूला सरकेल, तिकडे मूळ.

ताईला एवढा धीर कुठला? ती केसांचा झुबका टेबलावर दोनदा आपटे, कडा सारख्या करी आणि म्हणे, "झालं!" मग धाकटी तो झुबका हळूच आपल्याकडे ओढून त्यातले उलटे केस सुलटे करी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. धाकटीच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली होती, की बोलता बोलताही ती केस फिरवत बसे.

एकदा धाकटी तापाने पडली आणि ताईचा टोप तसाच गेला. गिऱ्हाईक बाई पावसात सापडली. परत आणला तेव्हा टोप कसला, चिमणीचं घरटंच ते. चढाच्या टोकाशी एक उंच घर होतं, नेमकी त्याच वेळी तिथली बाई दुकानात आली होती. मावशीने तिच्यादेखत ताईला फैलावर घेतलं.

"हात आहेत की खुरपी? लहान बहिणीला कळतं ते तुला कळू नये?"

ताईचा चेहरा पडला. उंच घरातली बाई मात्र ताईच्या कमरेखाली पोचणाऱ्या वेणीकडे बघत होती. बाईचा चेहरा पंचविशीतला होता, पण हातमोज्यांच्या वर दिसणारी मनगटं सुकलेल्या डहाळीसारखी होती.

"माझ्या घरी कुणी चुका मोजत नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "येतेस? फक्त तेवढे केस दे मला."

ताई रागाच्या भरात गेली. मावशी दारापर्यंत धावली. "अगं, मी बोलते ते का मनापासून असतं?" पण ताईने मागे वळून पाहिलं नाही.

काही दिवसांनी धाकटीला ती बाजारात दिसली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात टोपली. धाकटीने धावत जाऊन तिचा दंड धरला.

"ताई! अगं, किती वाट पाहिली तुझी!"

ताईने शांतपणे हात सोडवून घेतला. "माफ करा, तुम्ही कोण?"

'तुम्ही'! सख्ख्या बहिणीने असं परक्यासारखं बोलावं? धाकटी घरी येऊन मावशीला बिलगली आणि तिला सगळं सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी उंच घरातून निरोप आला. नवा टोप करायचाय, केस तयार आहेत, नजर तरुण असलेली कारागीर घरी पाठवा.

"मी जाते," मावशी म्हणाली.

"तुला दोन केसांचे चार दिसतात हल्ली," धाकटी म्हणाली. "शिवाय तू त्या बाईशी भांडशील. मी जाते."

मावशीने सुयांची पेटी तिच्या हातात दिली. "दुकानाचा नियम विसरू नको. आपण केस बसवतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवायची नाही, कितीही गयावया केली तरी." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "आणि तिला घेऊन ये गं."

उंच घरात पडदे जाड होते आणि जमिनीवर पावलांचा आवाज येत नव्हता. धाकटीला बसवलं त्या खोलीत भिंतभर फळी होती आणि फळीवर लाकडी डोकी. दुकानातली डोकी सगळी एकसारखी, कोरी. इथल्या प्रत्येकीला वेगळा चेहरा होता. एकीच्या हनुवटीवर तीळ. एकीचे पुढचे दात किंचित पुढे. एकीची भुवई वर चढलेली, जणू तिने नुकतंच काही विचारलं होतं.

पाणी घेऊन एक मुलगी आली. ती स्वैपाकघरात काम करी. तिने पेला टेबलावर ठेवला, तेव्हा तिची बोटं लाकडावर टकटक वाजली. धाकटीने पाहिलं, तर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाकडाचे होते. गाठी, रेषा, सगळं.

"घाबरू नकोस, दुखत नाही," मुलगी हळूच म्हणाली. "बाईंच्या डोक्यावर आहेत ते केस माझे. केस कापून दिले, की आपली माणसं विसरायला होतात. ती ते डोक्यावर घालते, की आपलं लाकूड व्हायला लागतं. टोप झिजला, की आपण फळीवर आणि ती नवा टोप शोधायला मोकळी."

"यातून सुटका नाही?"

"तिने स्वतःच्या हाताने ते केस कापून टाकले, तरच. रागावली की तीच हसत हसत सांगते आम्हाला." मुलीने खांदे उडवले. "कोण आपलं तारुण्य आपल्या हाताने कापेल?"

तेवढ्यात बाई आत आली. तिच्या मागून टोपली घेऊन ताई. टोपलीत ताईचेच केस होते, कापून कसेही टाकलेले, मुळं आणि टोकं एकमेकांत मिसळलेली.

"ही झुबके लावून देईल, तू बसव," बाईने धाकटीला बजावलं. "तू एकही केस उलटा जाऊ देत नाहीस, असं ऐकलंय."

"आजवर तरी नाही गेला," धाकटी म्हणाली.

काम सुरू झालं. ताई समोर बसे, पण तिची नजर धाकटीवरून अशी फिरे, जशी एखाद्या खिडकीवरून फिरावी. धाकटीने लहानपणचं काय काय आठवून पाहिलं. जिन्यावरून पडून तुटलेला दात, मावशीच्या घोरण्याची नक्कल. ताई नुसतं "हो का?" म्हणे.

मग ताईने पहिला झुबका उचलला. टेबलावर दोनदा आपटला. कडा सारख्या केल्या.

"झालं!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. नाव गेलं, घर गेलं, बहीण गेली, पण ही धांदल तेवढी राहिली होती. तिने झुबका ओढून घेतला. चिमटीत घासून पाहिला. अर्धे केस उलटे होते, नेहमीसारखेच. बोटं सवयीने ते फिरवू लागली.

आणि थांबली.

तिला पावसात भिजून परत आलेला तो टोप आठवला. मग तिने सुई घेतली आणि केस जसे होते तसेच जाळीत बसवायला सुरुवात केली. हे सोपं नव्हतं. बोटं ऐकत नव्हती. प्रत्येक उलट्या केसाशी ती आपसूक वळत आणि प्रत्येक वेळी धाकटीला त्यांना आवरावं लागे. रोज संध्याकाळी ती घरी जाई, तेव्हा तिचा हात खांद्यापासून भरून आलेला असे. मावशीने तेल चोळत विचारलं, "काम जड आहे का गं?"

"काम नाही जड," धाकटी म्हणाली. "बिघडवणं जड आहे."

मावशीचा हात क्षणभर थांबला. मग तिने आणखी तेल घेतलं.

टोप तयार झाला त्या सकाळी बाईने तो उजेडात धरला. केस रेशमासारखे झुळझुळले. बाईने अचानक एक केस चिमटीत पकडला आणि बोटं पुढेमागे घासली. इतके टोप वापरणाऱ्या बाईला एवढं तर ठाऊक असणारच!

केस जाळीकडे, म्हणजे मूळ असायला हवं तिकडेच सरकला. सुलटा निघाला. ताईच्या चुकीचं एवढं एक बरं होतं, ती नेहमी अर्धीच असे.

बाईने सैल पडत आलेला जुना टोप उतरवून बाजूला टाकला आणि नवा चढवला. टोप बसताक्षणी तिच्या टाळूला असा चिकटला, जणू तिथेच उगवला होता. तिच्या गालांवर ताईची लाली आली. हसली तेव्हा ताईची खळी पडली. टेबलाशी ताईने बोट सहज वाजवलं.

टक.

"पाणी आण," बाई म्हणाली. "आधी धुवायला हवेत. दुसऱ्याचा वास येतो."

स्वैपाकघरातल्या मुलीने कोमट पाण्याची बादली आणली. बाईने केस भिजवले, चोळले आणि फणी लावली. फणी अडकली. तिने ओढली. केसांनी फणी गिळली. तिने दोन्ही हातांनी जट सोडवायला घेतली, तसा गुंता घट्ट होत टाळूकडे चढू लागला आणि तिच्या कपाळाची कातडी वर ताणली गेली. भुवया चढल्या, डोळे मिटेनात.

"सोडव!" ती किंचाळली. "काय केलंस हे?"

"ओढू नका, बाईसाहेब, ओढलं की आणखी आवळतो," धाकटी म्हणाली. "असला गुंता सुटत नाही. कापावा लागतो."

"मग काप की!"

"आमच्या दुकानाचा नियम आहे. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आम्ही कात्री चालवत नाही."

"खड्ड्यात गेला तुझा नियम!" बाईने सुयांच्या पेटीतली कात्री हिसकावली. वेदनेपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने पहिली जट कापली, दुसरी कापली. तिसरीला तिचा हात थबकला. समोरच्या आरशात तिला आपला चेहरा सुकत चाललेला दिसला. पण गुंत्याने पुन्हा एक हिसका दिला आणि तिने उरलेलंही कापून टाकलं.

ओल्या जटा जमिनीवर पडत गेल्या आणि बाई खुर्चीत आक्रसत गेली. तिची स्वतःची अशी वर्षं उरलीच नव्हती. शेवटी खुर्चीत एक पोशाख राहिला आणि त्यावर वाळक्या पानांसारखं थोडं काही.

मग ताई खोकली, डोक्यावरून हात फिरवून पाहिला आणि जमिनीवरच्या जटांकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"धाकटे," ती कुजबुजली, "हे माझंच काम ना? मावशीला सांगू नको हं."

धाकटी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिला रडू आलं. स्वैपाकघरातली मुलगी दोन्ही हात पाण्यात बुडवून बोटं उघडमीट करत होती. तिचा टोप अजून पुरता झिजला नव्हता आणि तो घालणारीच आता उरली नव्हती, म्हणून बोटं मऊ झाली होती. तिला एकदम आपल्या गल्लीचं नाव आठवलं आणि चपला न घालता ती तिकडे पळाली.

फळीवरच्या मुली मात्र जाग्या झाल्या नाहीत. त्यांचे केस केव्हाच झिजून गेले होते. तिघींनी मिळून, म्हणजे मावशीही आली, ती डोकी चादरीत गुंडाळून दुकानात नेली. त्यांच्यावर कधी टोप चढवला नाही. खिडकीत, रस्ता दिसेल अशी मांडून ठेवली. तीळवालीच्या आईने एक दिवस तिला ओळखलं आणि उराशी धरून घरी नेलं.

मावशी ताईला रागावली नाही. दिवसभर नुसती तिच्या डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवत राहिली. संध्याकाळी तिला एवढंच सुचलं, "आता उगवतायत तोवर तरी मूळ कुठलं ते नीट बघून ठेव."

ताई खदखदून हसली. मग तिने टोपलीतला झुबका उचलला, टेबलावर दोनदा आपटला, कडा सारख्या केल्या.

"झालं!"

मावशीने खिडकीबाहेर बघितलं. धाकटीने झुबका आपल्याकडे ओढला आणि सावकाश, एकेक करून, उलटे केस सुलटे करायला घेतले.