भिरुडाच्या पोटातलं नाव

“गमरेकाका, त्या प्लेटी टाकून द्या ना. सात दिवस झाले, काही उगवत नाही त्यांच्यावर,” आरोही म्हणाली.

महेंद्र गमरे ‘हो’ म्हणाला आणि प्लेटी गुपचूप पुन्हा इनक्युबेटरच्या खालच्या खणात सरकवून आला. रत्नागिरीतल्या त्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, तो तीस वर्षं परिचर होता. बाटल्या धुणं, जिवाणू वाढवायच्या प्लेटींसाठी अगर शिजवणं, केर काढणं ही त्याची कामं. पण भिरूड काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आंब्याच्या खोडात बोगदे पाडणारी ती बोटाएवढी जाड अळी तो तारेच्या आकड्याने अख्खी बाहेर ओढायचा आणि तिचं पोट चिरून दोऱ्यासारखं आतडं न तुटता उचलायचा. पीएचडी करणाऱ्या आरोहीकडून ते दरवेळी तुटायचं. विभागप्रमुख गुरुप्रसाद सरांना हवे होते लाकूड पचवणारे जिवाणू. अळी नुसती खाते, पचवतात ते तिच्या आतड्यातले जिवाणू, असं सर सांगायचे.

अकराव्या दिवशी एका प्लेटीवर मोहरीहून बारीक, फिकट नारिंगी ठिपके उठले. ज्या अळीच्या आतड्यातून ते आले ती महेंद्रच्याच दारातल्या हापूसच्या खोडातून निघाली होती. आतडं ठेवलेल्या नळीवर त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आंबा, भिरूड, सिद्धार्थनगर.

पुढे दीड वर्ष तपासण्या चालल्या. किती उष्णतेत वाढतो, किती मीठ सोसतो, काय खातो, काय नाकारतो. जनुकं वाचायला पुण्याला गेली. जगातल्या कुठल्याच नोंदलेल्या जिवाणूशी ती पुरेशी जुळली नाहीत. नवी प्रजाती! जिवंत नमुना एक पुण्याच्या संग्रहात गेला, एक जपानला.

“गमरे, तुमच्या वाडीचं नाव देणार आहोत त्याला,” सर म्हणाले. “सापडला त्या जागेवरून नाव देतात.”

त्या संध्याकाळी महेंद्रने हे आईला सांगितलं. येसूबाई ऐंशीच्या पुढची. आधी ती पोट धरून हसली.

“भिरुडाच्या पोटातल्या किड्याला आमच्या वाडीचा नाव? दुसरा काय गावला नाय त्यांना?”

“आये, मोठा मान असतो तो. जगभर जाईल.”

मग म्हणाली, “तुजे बाबा हवे होते ऐकायला.”

वाडीचं जुनं नाव जातीवरून पडलेलं. छप्पन साली धर्म बदलला, नाव काही बदललं नाही. शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच. महेंद्र नोकरीला लागला त्या दिवशी कारकुनाने अर्जावरचा पत्ता सावकाश, मोठ्याने वाचला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी वेगळा ग्लास आला. त्याच ग्लासातून त्याने अकरा वर्षं चहा प्यायला. येसूबाई मात्र प्रत्येक ग्रामसभेला जायची, मागे बसायची, शेवटी उठून एवढंच म्हणायची, “आमच्या वाडीच्या नावाचा काय केलात?” जातिवाचक नावं बदलण्याचा सरकारचा निर्णय आल्यावरसुद्धा ठरावाला दोन वर्षं लागली. सिद्धार्थनगर हा फलक लागून अजून चार वर्षंही झाली नव्हती.

लेख छापून आल्यावर कॉलेजने कार्यक्रम ठेवला. येसूबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. सरांनी महेंद्रला मंचावर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, “आता या नव्या जिवाणूचं नाव!”

पडद्यावर मोठी अक्षरं उमटली. वाडीचं जुनं नाव, पुढे लॅटिन शेपूट. सरांनी ते दोनदा, स्पष्ट उच्चारून वाचलं. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. मग टाळ्या झाल्या. आपलेही हात वाजतायत हे महेंद्रला थोड्या वेळाने कळलं.

येसूबाईला वाचता येत नव्हतं, ऐकू मात्र चांगलं यायचं. ती पदर सावरून उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली.

कार्यक्रम संपल्यावर महेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेला. शाल अजून अंगावरच होती.

“सर, नळीवर मी सिद्धार्थनगर लिहिलं होतं.”

“पाहिलं ना. पण सिद्धार्थनगरं देशात शेकड्यांनी असतील. शोधायला निघालेला माणूस भलतीकडेच जायचा. जुन्या नकाशावर हेच नाव आहे. अस्सल, मातीतलं.”

“सर, ते नाव बदलायला माझ्या आईचं आयुष्य गेलं.”

आरोही दाराशी खाली मान घालून उभी होती. नकाशा बघून लेखात नाव तिनेच भरलं होतं, सरांच्या सांगण्यावरून.

“भावना समजतात मला,” सर म्हणाले. “पण आता इलाज नाही. आंतरराष्ट्रीय नियम आहे. नाव एकदा रीतसर प्रसिद्ध झालं की केवळ कुणाला रुचत नाही म्हणून बदलता येत नाही.”

“किती वर्षं?”

“वर्षं कसली? कायमचं. आणि गमरे, तुम्ही याकडे सन्मान म्हणून बघा. किती परिचरांच्या नशिबी येतं हे?”

“मला एकदा विचारायचं होतंत, सर.”

सर घड्याळाकडे बघत उठले. “शाल घडी करून ठेवा. पुढच्या पाहुण्यांना लागेल ती.”

आठवड्याभरात बातमी पेपरात आली. सरपंच संदेशने हौसेने रस्त्यावर बॅनर लावला: महेंद्रचा फोटो आणि फोटोहून मोठ्या अक्षरात ते नाव. महेंद्र त्याला भेटायला गेला.

“उतरव तो, संदेश.”

“का रे? आता तर जगात गेला नाव,” संदेश म्हणाला. “तुझ्याच कॉलेजान दिलान ना? मग आमच्यावर का रागावतोस?” ओट्यावर बसलेले चौघे हसले. महेंद्र तसाच माघारी फिरला.

कॉलेजात परगावच्या प्रयोगशाळांची मागणीपत्रं येऊ लागली. नमुने पाठवायचं काम महेंद्रकडेच होतं. पहिल्या नळीवर त्याने फक्त क्रमांक लिहिला. सरांनी ती परत पाठवली, “पूर्ण नाव हवं.” त्याने लिहिलं. त्या महिन्यात नऊ वेळा लिहिलं. अक्षर पूर्वीसारखंच सुवाच्य आलं, याचीच त्याला लाज वाटली.



महिनाअखेरीस तो आईला डोळे दाखवायला रत्नागिरीला घेऊन गेला. परतीच्या एसटीत दोघं पुढेच बसली. हातखंबा मागे पडला, गाडी आतल्या रस्त्याला लागली. वळणावर कंडक्टरने बेल मारली आणि चार वर्षं जे कुणी पुकारलं नव्हतं ते जुनं नाव पुकारलं. त्याच्या आवाजात खोट नव्हती. रोज दोनदा तो बॅनर वाचत होता, एवढंच.

महेंद्र उठला. येसूबाई हलली नाही.

“आये, चल. उतरायचा हाय.”

“आपली वाडी नाय ही,” ती समोर बघत म्हणाली. “बस खाली.”

“ओ आजी, उतरताय ना?” कंडक्टर ओरडला.

तिने खिडकीची दांडी धरून ठेवली. कंडक्टरने दोनदा बेल मारली आणि गाडी निघाली. दीड किलोमीटरवरच्या पुढच्या थांब्यावर दोघं उतरली. भर दुपार होती. डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी येसूबाईला नीट दिसत नव्हतं. तिने मुलाचा दंड धरला, चपला नीट पायात अडकवल्या आणि तापलेल्या डांबरावरून मागे वाडीकडे चालायला लागली.