फांदीवर राहिलेले निळे जॅकेट

मित्रांनो, ज्या दिवशी घरात ती बातमी आली, त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलेली होते. काका मला ओल्या फडक्याने पुसत होते. रविवारी झाडाचा चीक लागला होता, तो निघता निघत नव्हता. माझा अर्धा भाग पुसून पेटीत गेला होता, अर्धा बाहेर होता. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले म्हणून काकांनी तो ओट्यावर ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे सगळे मलाही ऐकू आले.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. दुकानदार बोलत होते. काकू गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होत्या, एकदम खालीच बसल्या. दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. तुम्ही लगेच या.

"तिने डबा खाल्ला होता का?" काकांनी विचारले.

"काय म्हणालात?" पलीकडून आले.

"नाही, सकाळी घाईत घेऊन गेली. म्हणून विचारलं."

फोन बंद झाला. काकांनी फडके पिळले आणि मला पुढे पुसायला घेतले. हातभर पुसलीसुद्धा. मग फडके हातातून पडले आणि ते चपला न घालताच बाहेर गेले. दार उघडेच राहिले.

मी एक जुनी फेकदोरी आहे. आमची जात फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून सांगते. हौसेने उंच झाडावर चढणारी माणसे आधी मला फेकतात. माझ्या टोकाला मुठीएवढी थैली असते, तिच्यात शिशाचे बारीक छर्रे भरलेले असतात. ती थैली फांदीवरून पलीकडे गेली की माझ्या मागून चढायचा जाड दोर ओढून घेतात. माणसाचा भार त्या दोराने घ्यायचा. माझ्यावर कुणी लटकायचे नाही, मी तेवढी मजबूत नाही.

मला निवडले काकूंनी. दोरांच्या दुकानात काकांनी एक जाडजूड, मातकट रंगाची दोरी उचलली होती.

"ही घेऊ. टिकेल तरी."

"म्हैस बांधायचीये का?" काकू म्हणाल्या. "जाड दोरी सालीला घासते, वर जाता जाता दमते. आणि ह्या रंगाची पानांत गेली की शोधत बसा."

मग त्यांनी मला बोटांमधून सरकवून पाहिले. मी बारीक आणि गुळगुळीत. रंग भडक नारिंगी. थैल्याही त्यांनी तळहातावर तोलून पाहिल्या. हलकी थैली उंच जाते, पण पानांतच अडून बसते. जड थैली खाली येते, पण तेवढी उंच जात नाही. त्यांनी मधली घेतली. काकांनी विचारले, "आणि मला काय काम?" काकू म्हणाल्या, "हमाली."

आणि खरोखरच ते काम काकांनी मनापासून केले. मला न्यायला घडीची कापडी पेटी होती. काका शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यांचे हात नीटनेटके. पहिल्या वेळी त्यांनी मला हात आणि कोपर यांच्यावर सुंदर गुंडाळले. झाडाखाली फेकताच माझ्या इतक्या गाठी झाल्या की सकाळ त्यातच गेली. गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला मला एक पीळ बसतो, मित्रांनो, आणि हवेत गेल्यावर ते पीळ एकमेकांत अडकतात. मला गुंडाळायचे नसते. हाताने ओढत ओढत पेटीत नुसते पडू द्यायचे असते. दिसायला तो पसारा दिसतो, पण जशी आत पडते तशीच मी बाहेर निघते. तेव्हापासून काकू फेकायच्या आणि काका पेटीवर वाकून मी सुटत जाते की नाही ते पाहायचे. "गेली?" ते विचारायचे. "गेली," असे काकूंचे उत्तर यायचे. मग आधी काका चढायचे, मागून काकू. वरच्या रुंद फांदीवर दोघे बसायचे. काकू दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. काका हसले की फांदी हलायची.

त्या शेवटच्या रविवारी वर ऊन लागले, म्हणून काकूंनी निळे जॅकेट काढून फांदीच्या खुंटाला अडकवले. खाली उतरल्या, दोर ओढून घेतला, मीही पेटीत गेले, आणि मग त्यांनी वर पाहिले.

"अगं बाई! जॅकेट!"

"परत फेकायची का?" काका म्हणाले.

"राहू दे. पुढच्या रविवारी यायचंच आहे."

तो रविवार आला, तेव्हा घर माणसांनी भरलेले होते. लोक मला ओलांडून ये-जा करत होते. काका भिंतीला टेकून बसायचे. कुणी काही विचारले की "हो" म्हणायचे, जेवलात का विचारले तरी "हो" आणि आत्ता जेवता का विचारले तरी "हो".

पाहुणे गेल्यावर काकूंची थोरली बहीण थांबली. तिला सगळे ताई म्हणतात. एक दिवस ती कपाट आवरत होती.

"भावजी, हिचं निळं जॅकेट दिसत नाही. मी दिलेलं."

"झाडावर आहे."

ताईच्या हातातली साडी खाली पडली. "झाडावर?"

"हो. राहिलं."

"माणूस छत्री विसरतो, पिशवी विसरतो. जॅकेट झाडावर कसं राहतं, भावजी?"

"पुढच्या रविवारी जाणारच होतो," काका म्हणाले. आणि आपल्याच तोंडून काहीतरी भलते ऐकल्यासारखे ते ताईकडे बघत राहिले.

वारा सुटायचे दिवस होते. ताई म्हणाली, "तुम्ही आणणार नसाल तर मी झाडं छाटणाऱ्याला बोलावते. उडून गेलं तर माझ्याकडे तिचं काय राहील?"

"मी आणतो," काका म्हणाले. फोन आल्यापासून त्यांनी आपणहून बोललेले बहुधा ते पहिलेच वाक्य असावे.

ताईने मग घर झाडले. मला फरशीवरून उचलले आणि मायेने, हात आणि कोपर यांच्यावर, लोकरीसारखे छान गुंडाळून पेटीत ठेवले. मला ओरडता येत नाही.

काका ताईला घेऊन झाडाखाली आले, तेव्हा वर जॅकेट दिसत होते. एक बाही हलत होती. काकांनी पेटी उघडली, मला फेकले, आणि मी गाठींचा गोळा होऊन त्यांच्या पायाशीच पडले.

"कुणी गुंडाळली?"

"मी," ताई म्हणाली. "पसारा पडला होता. चुकलं का?"

काका रागावले नाहीत. त्यांनीही एकदा तेच केले होते. ते मातीत बसून एक एक गाठ सोडवू लागले. ताईही बसली. मी पुन्हा नीट पेटीत पडले, तोवर ऊन डोक्यावर आले होते.

काकांनी थैली झुलवली. फेकली. थैली खोडावर आपटली. पुन्हा फेकली, ती भलतीकडेच गेली. मग ते हात खाली सोडून उभे राहिले.

"काय झालं? बसता का जरा?"

"ताई, ती दोरी कशी फेकत होती, मला माहीतच नाही."

"म्हणजे?"

"एवढी वर्षं आलो. मी पेटीतच बघत होतो. तिला फेकताना मी एकदाही पाहिलं नाही."

मला माहीत होते, मित्रांनो. त्या पाय फाकून उभ्या राहायच्या, दोन्ही हातांनी मला धरून थैली पायांमधून दोनदा मागे झुलवायच्या आणि तिसऱ्यांदा सोडायच्या. सोडताना जीभ बाहेर यायची. हे जगात फक्त मलाच माहीत आहे, आणि ते सांगायला मला तोंड नाही.

ताईने पेटी आपल्या पायांपाशी ओढली. "मी इकडे बघते. तुम्ही वर बघा."

काका पुन्हा पुन्हा फेकत राहिले, आपल्याच वेड्यावाकड्या पद्धतीने. शेवटी थैली उंच गेली, फांदीवरून पलीकडे पडली आणि पानांतून खाली आली.

"गेली?" ताईने पेटीवरून मान न काढता विचारले.

काका उभ्या जागी खाली बसले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी दोरी असेल तर तिला गुंडाळू नका, चीक लागला तर पुसा. आणि कामात कितीही गुंतलात तरी सोबतच्या माणसाकडे मान वर करून बघत जा. पेटी थोडा वेळ स्वतःला सांभाळते.

आता मी फांदीवरून लोंबते आहे. माझी दोन्ही टोके जमिनीवर आहेत. वर जॅकेट आहे. ताईने चढायचा दोर पिशवीतून काढून काकांच्या मांडीवर ठेवला आहे. तो त्यांनी अजून मला बांधलेला नाही.