खोट्या पेशंटचा गाऊन

मी एक गाऊन बोलतोय. बायका घरात घालतात तो नव्हे. पेशंटला पलंगावर निजवताना घालतात तो, फिकट निळा, पाठीमागे नाड्या बांधायचा. पण खरं हॉस्पिटल मी अजून पाहिलेलं नाही, आणि आजारी माणूस पाहिला की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मला डोकं नाही, नुसता गळा आहे. तेव्हा सांगताना गोंधळ झाला तर सांभाळून घ्या.

शारजात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. एका ताग्यातून आम्ही पुष्कळ भावंडं निघालो. बाकीच्यांना खऱ्या हॉस्पिटलांत जागा मिळाली. मला मात्र अल ऐनच्या एका मेडिकल कॉलेजात धाडलं. तिथे मुलांना डॉक्टरकी शिकवायला खोट्या खोल्या बांधल्या आहेत. पलंग खरा, सलाइनची बाटली खरी, पण आत साधं पाणी. पहिल्यांदा मला चढवलं ते एका प्लास्टिकच्या बाहुल्यावर. तो श्वास घ्यायचा, खोकायचा, बटण दाबलं की मरायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा जिवंत व्हायचा. सुरुवातीला माझी घाबरगुंडी उडायची. पुढे सवय झाली.

मग एके दिवशी मी ऊबदार अंगावर गेलो. त्या अंगाचं नाव निनाद. खोटे पेशंट नेमायचं काम फिझा मॅडमकडे होतं. त्या म्हणाल्या, "आज से तुम विजयकुमार हो. उमर बावन, ट्रान्सपोर्ट कंपनी में सुपरवायझर, सीने में दर्द."

"मॅडम, मैं तो चौबीस का हूँ."

"तो क्या हुआ? ॲक्टर हो ना? यल्ला, चलो, लेट जाओ."

निनादच्या छातीला ईसीजीचे गोल स्टिकर चिकटवले, माझ्यावर ग्लिसरीनचं पाणी फवारलं. तो घाम. घंटा वाजली की एक विद्यार्थी आत यायचा, प्रश्न विचारायचा, दुसऱ्या घंटेला जायचा, पुढचा यायचा. प्रत्येकासमोर निनादच्या छातीत तेवढंच आणि तिथेच दुखायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा आता जातोय. शेवटचा विद्यार्थी गेल्यावर तो टुणकन उठला आणि त्याने फिझा मॅडमना विचारलं, "सँडविच बचा है क्या?" माणसाचं आणि बाहुल्याचं नक्की काय वेगळं असतं, हे मला तेव्हापासून कळेनासं झालं.

एकदा परीक्षा फार लांबली. दुबईची बस सुटेल म्हणून निनादने मला अंगातून ओढून काढलं आणि घाईत टॉवेल समजून आपल्या बॅगेत कोंबलं. असा मी दुबईला पोचलो.

तिथल्या करामा भागातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये दुमजली पलंग दाटीने मांडले होते. त्यातला एक वरचा पलंग हेच निनादचं घर. एसीचा झोत थेट त्याच्यावर यायचा, म्हणून बॅगेत मी सापडलो तेव्हा त्याने मला परत द्यायचं सोडून अंगावर पांघरूण म्हणून ओढलं. "सॉरी हां, विजयकुमार," असं मला म्हणाला. कोणीतरी माझ्याशी बोललं असं ते पहिल्यांदाच.

पोरगा कडकाच होता. सकाळचा चहा-पराठा तो मुद्दाम उशिरा खायचा, म्हणजे दुपारचं जेवणही त्यात उरकायचं. दिवसभर ऑडिशनला हिंडायचा. हिंदी जाहिरातवाले म्हणायचे, तुझं हिंदी इथलं वाटतं. इंग्रजीवाले म्हणायचे, चेहरा फार इंडियन आहे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात काम केलं, तर एक काकू म्हणाल्या, छान केलंस रे, पण मराठी पाहुण्यासारखं बोलतोस. हा अबू धाबीत जन्मलेला आणि तिथेच वाढलेला मुलगा. आपण नक्की कुठले म्हणून उभं राहायचं, हे त्याला उमगत नव्हतं. मी तर शारजाचा, माझं मला बरं होतं.

एका संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. वडील म्हणजे प्रल्हादराव. अबू धाबीतल्या अल रीम बेटावरच्या टॉवरांचे एसी सांभाळणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर. आवाज असा की खालच्या पलंगावरचा माणूसही जागा झाला.

"हे बघ, तुझा बर्थडे जवळ आला. पंचवीसनंतर तू माझ्या व्हिसावर राहू शकत नाहीस, रूल आहे. उम्म अल कुवैनला पाटणकरांची ॲल्युमिनियमची फॅक्टरी आहे. स्टोअर्समध्ये घेतायत तुला, व्हिसा देतायत. मंथ एंडला जॉइन हो. खलास."

"बाबा, आर्टिस्ट लोकांना फ्रीलान्स परमिट मिळतं, त्यावर व्हिसा होतो. तुम्ही एकदा फी भरलीत तर..."

"ॲक्टिंगसाठी मी एक दिरहॅम देणार नाही. आधीच क्लिअर केलंय."

"मग मी इंडियाला जाऊ? मी तिथे फक्त सुट्टीत गेलोय."

"म्हणून तर सांगतोय, जॉइन हो."

फोन ठेवल्यावर निनाद बराच वेळ छताकडे बघत पडला. छत त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर होतं. कॉलेजातल्या कामाचं त्याने घरी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. याच कॉलेजात त्याला डॉक्टर करायचं प्रल्हादरावांच्या मनात होतं. तिथे आपण खोटा पेशंट म्हणून लोळतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

वीकेंडला तो अबू धाबीला घरी गेला. लाँड्रीचे पैसे वाचावेत म्हणून कपड्यांचा बोचका सोबत होता. त्या बोचक्यात मीही होतो.

वॉशिंग मशीनपाशी त्याची आई, मृणालिनीबाई, खिसे तपासत एकेक कपडा आत टाकत होत्या. मी हातात आलो. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं. आतल्या बाजूला ईसीजीचा एक स्टिकर अजून चिकटलेला होता. मला छातीशी धरून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडे या. आवाज करू नका."

प्रल्हादरावांनी मला पाहिलं. स्टिकर सोलून काढला, उजेडात धरला, पुन्हा होता तिथे लावला.

"ॲडमिट होता हा," ते म्हणाले.

"विचारू या?"

"विचारून काय? तो सांगणार आहे? मस्त आहे म्हणेल, हसेल, आणि आपल्याला खरं वाटेल. ॲक्टर आहे तो."

मुलगा चांगला नट आहे, हे प्रल्हादराव आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. ऐकायला निनाद तिथे नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, माझ्यात आजवर कोणी आजारी पडलेलं नाही. पण कापडाला कुठली वाचा?

मला डेटॉलमध्ये बुडवून धुतलं आणि बेडरूममधल्या स्टँडवर, निनादला दिसू नये म्हणून एका चादरीआड वाळत घातलं. बाल्कनीत कपडे दिसले तर इथे दंड होतो. दार उघडं होतं, त्यामुळे चादरीच्या कडेने हॉलमधलं सगळं मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी घराचा नूरच पालटला. सकाळी साजूक तुपातला शिरा झाला. प्रल्हादराव स्वतः खाली जाऊन शहाळं घेऊन आले. एरवी मृणालिनीबाई "नऊ दिरहॅम! म्हणजे दोनशे रुपये!" म्हणून कडाडल्या असत्या. आज मुकाट्याने स्ट्रॉ खोचून त्यांनी ते मुलाच्या हातात दिलं. निनाद भांबावून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"निनाद," प्रल्हादराव घसा खाकरून म्हणाले, "ते फ्रीलान्सचं. कर. फी मी भरतो. पाटणकरांना मी नाही म्हणून कळवतो."

"बाबा, सीरियसली?"

"तुला जे करायचंय ते करून घे. फक्त वेळेवर जेवत जा."

निनादने त्यांना मिठीच मारली. प्रल्हादरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण हलकेच, काचेच्या सामानावर ठेवावा तसा. मग निनाद बेडरूममध्ये येऊन मित्राला फोनवर म्हणाला, "पापा मान गए, यार! पता नहीं कैसे!" तो नाचत होता आणि मी स्टँडवर लटकलो होतो. इतका आनंदी निनाद मी कधी पाहिला नव्हता. आणि तो आनंद माझ्यामुळे होता, की माझ्यामुळे तो आता मोडणार होता? मला काहीच सुधरेना.

दुपारी फिझा मॅडमचा मेसेज आला की एक गाऊन कमी आहे, तुम्हारे पास तो नहीं? निनाद बॅग उपसायला लागला. धाकटी बहीण मिहिका दारात उभी होती. शाळकरी पोर, सकाळपासून रडवेली.

"मिहिका, माझा निळा गाऊन बघितलास?"

"आर यू डाइंग?" ती म्हणाली आणि भोकाड पसरलं.

रडत रडत तिने आई-बाबांचं ऐकलेलं सगळं सांगून टाकलं आणि चादर सरकवून मला दाखवलं. निनाद आधी खो खो हसला. मग हसता हसता थांबला. शिरा, शहाळं, बाबांचा हो, सगळ्याची संगती त्याला लागली असावी. पलंगाच्या कडेवर तो टेकला. त्याला गप्प बसता आलं असतं. परमिटचे पैसे भरून होईपर्यंत चार दिवस खोकायचं, एवढंच. तसा विचार त्याच्या मनात आला की नाही, मला माहीत नाही. तो उठला, त्याने मला स्टँडवरून काढलं आणि हॉलमध्ये नेलं.

"आई, बाबा, मी आजारी नाहीये. मी कॉलेजात पेशंटचं काम करतो. हा माझा कॉस्च्यूम आहे."

"बरं," प्रल्हादराव हळूच म्हणाले. कोणी ताप चढल्यावर बरळतं तेव्हा म्हणतात तसं.

त्याने मेसेज दाखवला. मृणालिनीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "बाळा, आमच्यापासून लपवू नकोस रे."

"अरे, काय करू म्हणजे तुमचा विश्वास बसेल?" निनाद वैतागला. शेवटी त्याने मला टीशर्टवरूनच चढवलं, मिहिकाकडून नाड्या बांधून घेतल्या आणि सोफ्यावर आडवा झाला. "बाबा, तुम्ही डॉक्टर. विचारा. विचाराल तेवढंच सांगणार, आपणहून काही नाही. आमचा नियम आहे."

प्रल्हादरावांनी खुर्ची ओढली. मशीन बिघडल्याची तक्रार आली की विचारतात तसं त्यांनी विचारलं, "पेन कधीपासून आहे? कंटिन्युअस की मधूनमधून?"

निनादचे खांदे पडले, आवाज जाड झाला. "दोन आठवडे झाले, डॉक्टर. जिना चढलो की दाबल्यासारखं होतं." प्रल्हादरावांसमोर त्यांच्याच वयाचा एक दमलेला माणूस पडला होता. ते विचारत गेले, तो सांगत गेला. हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. नाड्या बांधताना हसू लागलेली मिहिका हसायची थांबली.

"घरी सांगितलंत?"

"नाही."

प्रल्हादरावांनी बायकोकडे पाहिलं. मृणालिनीबाई जवळ आल्या आणि सोफ्याशी खाली बसल्या. "तुम्हाला कसली काळजी वाटते?"

या प्रश्नाचं उत्तर मी अल ऐनला पुष्कळदा ऐकलं होतं. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, एवढंच. इंग्रजीत. आज ते पहिल्यांदा मराठीत आलं, आणि लांबलं.

"व्हिसा जाईल. मग इथून जायला सांगतील. जाऊ कुठे? माझं सगळं इथेच आहे. आणि मी काहीच करून दाखवलं नाही, असं घरच्यांना वाटेल. ते मला सहन होणार नाही."

हे विजयकुमार बोलले की निनाद? मला कळलं नाही. ग्लिसरीन मला बाहेरून भिजवतं. त्या दुपारी मी आतून भिजलो होतो, एसी चालू असताना, टीशर्टच्या आरपार.

"खलास," म्हणत निनाद उठून बसला. चेहरा पुसला. "असं असतं. पटलं?"

"म्हणजे तुला काही झालेलं नाही," प्रल्हादराव म्हणाले.

"नाही."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की खुर्ची करकरली. मग त्यांच्या कपाळावर ती नेहमीची आठी हळूहळू परत आली. निनादने ती पाहिली.

"माहितीय, बाबा. तुम्ही मला आजारी समजून हो म्हणालात. ते कॅन्सल. पाटणकर अंकलना फोन करा. मी जॉइन होतो."

"तसं नाही रे... पण सिच्युएशन वेगळी होती तेव्हा."

"काय वेगळी होती?" मृणालिनीबाई जमिनीवरून उठल्या. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "पोरगं जाणार म्हणून हो, आणि राहणार म्हणून नाही? अहो, असं कुठे असतं?"

निनाद पाठीमागे हात नेऊन माझी नाडी सोडायला लागला. मिहिकाने गाठ अशी मारली होती की ती आणखीच आवळली.

"ओढू नकोस, थांब," म्हणत प्रल्हादराव त्याच्या मागे गेले. त्यांची बोटं त्या बारक्या गाठीशी फार वेळ झटापट करत राहिली. गाठ सुटली तरी त्यांनी नाडी हातातून सोडली नाही.

"त्या परमिटचे पेपर कुठे सबमिट करायचे असतात?" त्यांनी निनादच्या पाठीला विचारलं.

निनाद वळला नाही. "ऑनलाइन, बाबा."

"मग लॅपटॉप आण."

आता मी इस्त्री होऊन एका पिशवीत बसलोय. उद्या अल ऐनला परत जाईन. पुन्हा ग्लिसरीन, पुन्हा घंटा. निनाद मोठा नट होईल की नाही, हे मला सांगता येत नाही. मला बाहुला आणि माणूस यातलाही फरक अजून नीटसा कळत नाही. पण एक गोष्ट मी या घरात डोळ्यांदेखत पाहिली. मी दिसलो आणि बापाने मुलाला हवं ते देऊन टाकलं. मी खोटा ठरलो, तेव्हा तेच देताना त्याचा हात अडला. माणसांचं हे असं का असतं, हे तुम्हीच शोधा. माझी आपली एवढीच विनंती आहे की घरातल्या कुणाला हो म्हणायचं असेल, तर त्याच्या अंगावर मी चढेपर्यंत थांबू नका.