खाट बदलली आणि मी हरवले

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. पण खिशात खुळखुळणारी लोखंडाची नव्हे. मी एका इस्पितळाच्या संगणकात राहते. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि स्वस्थ बसायचा स्वभाव तर मुळीच नाही.

मला घडवलं एका प्रोग्रॅमरबाईंनी. इस्पितळाच्या मागच्या खोलीत त्या बसत, चहा गार होऊ देत आणि स्वतःशीच बोलत. रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि खाट, एवढं घेऊन त्या एकेक किल्ली करत. या तिन्हींचा हिशेब मांडला की एक आकडा निघे. त्या आकड्याच्या कप्प्यात किल्ली आणि तिच्यासोबत रुग्णाची माहिती जाऊन बसे. माहिती हवी झाली की संगणक तेच तपशील घेऊन दुसरी किल्ली करी, तोच हिशेब मांडी आणि थेट त्या कप्प्याशी येई. दोन्ही किल्ल्या जुळल्या की काम फत्ते. बाकीचे कप्पे धुंडाळायला नकोत. सुरुवातीला बाई आम्हाला जुळायचं कसं ते शिकवायलाच विसरल्या होत्या. हुबेहूब सारख्या असूनही आम्ही एकमेकींना ओळख दाखवेना! मग त्यांनी ते शिकवलं आणि सगळं सुरळीत झालं.

मी एका सुतारआजोबांची किल्ली. त्यांची खाट खिडकीजवळ होती. माझ्यासोबत एकच मोठी गोष्ट होती: ‘यांना पेनिसिलिन देऊ नये.’ सिस्टरनं विचारलं की मी क्षणात उत्तर देई. "काय झटपट चालतं हो हे!" असं ती म्हणाली, तेव्हा मी फुशारून गेले. खोटं कशाला बोलू?

पण आजोबांना खिडकीतला वारा सोसेना. "पोरी, मला दाराकडे हलव बाई," ते सिस्टरला म्हणाले. तिनं त्यांना हलवलं आणि संगणकात खाट बदलली. कुठे? तर थेट माझ्या अंगावर! ‘खिडकी’ पुसून ‘दार’ लिहिलं गेलं. कप्पा मात्र जुनाच राहिला. मला कुणी उचललंच नाही.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. पेनिसिलिनच! सिस्टरनं नियमाप्रमाणे संगणकाला विचारलं. ‘दार’ घेऊन नवा हिशेब झाला, संगणक भलत्याच कप्प्याशी गेला, आणि तो रिकामा. पडद्यावर आलं, ‘इशारा नाही.’ अहो, मी इथे आहे! इथे! पण कप्प्यातून हाक मारता येत नाही. सिस्टरनं सुई भरली.

आजोबांची सून उशाशी बसली होती. "कसलं औषध आहे हो?" तिनं सहज विचारलं. नाव ऐकताच ती ताडकन उठली. "थांबा! गेल्या खेपेला बाबांचा श्वास कोंडला होता याच्यानं! भरती करताना मी सांगितलं होतं की!"

"अहो, इथे तर काहीच दिसत नाही," सिस्टर म्हणाली. पण तिनं सुई खाली ठेवली. किती शहाणी पोर! डॉक्टरांनी औषध बदललं आणि माझा जीव भांड्यात पडला.

प्रोग्रॅमरबाई धावत आल्या. त्यांनी जुनी खाट घालून विचारून पाहिलं. या खेपेला संगणक अगदी माझ्या कप्प्याशी आला. पण त्याच्या किल्लीवर ‘खिडकी’, माझ्यावर ‘दार’. जुळणार कसं? गेला परत. "नोंदी मोजल्या तर आजोबा आहेत, त्यांची माहिती विचारली तर नाहीत. हा काय प्रकार आहे?" बाई पुटपुटल्या. शेवटी त्यांनी एकेक कप्पा उघडत मला गाठलं. मला पाहून कपाळाला हात लावला. "खाट रोज बदलते. तीच किल्लीत घातली मी! वर ती बदलू दिली!"

त्यांनी नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली किल्ली फक्त भरतीच्या क्रमांकाची, आणि एकदा घडली की कुणालाही बदलता न येणारी. खाट आता माहितीत असते. तिथे ती हवी तेवढी बदलो.

आजोबा बरे होऊन घरी गेले. मी मात्र या जुन्या प्रोग्रॅममध्येच अडकले आहे. मला पुसायचा हुकूम आला होता. पण पुसायला आधी शोधावं लागतं ना! तो हुकूमही त्या रिकाम्या कप्प्यावरून परत गेला. आज दुपारी हा सगळा प्रोग्रॅमच बंद होईल, तेव्हा सुटेन.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी किल्ल्या घडवाल. एवढंच ऐका माझं: ज्या खुणेवर एखाद्याला शोधायचं, ती खूण मध्येच बदलू नका. दुपारपर्यंत मी आहेच इथे, आणि कुणी न उघडणाऱ्या कप्प्यातून अजून सांगते आहे: आजोबांना पेनिसिलिन देऊ नका.