रेवणप्पांचा तीन रंगांचा गुलाब

गेवराईच्या बाजारपेठेत रेवणप्पांचं किराणा दुकान होतं आणि मागच्या गल्लीत घर. दुकानात गोड आणि घरात घुम्या, असा हा माणूस. गिऱ्हाइकाशी बोलताना जिभेवर साखर, आणि घरी येताना सगळी साखर दुकानातच कुलूपबंद. त्यांच्या बायकोला, शिवकांताकाकूंना, मात्र बोलल्याशिवाय घास गोड लागत नसे.

काकूंनी फाटकाजवळ गावठी गुलाब लावला होता. फूल फिक्कट गुलाबी, दुपारपर्यंत मान टाकणारं, पण वास असा की नवखा माणूस वाटेत थांबून इकडंतिकडं बघायचा. पहाटे पूजेच्या वेळेला गल्लीतल्या बायका यायच्या. फाटक कुरकुरायचं, हाक यायची, "काकू, दोन फुलं न्हेते वं!" आणि आतून काकूंचं ठरलेलं उत्तर, "ने की गं, इचारती कशाला?" मग दोन फुलांच्या निमित्तानं कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाचा जावई, सगळ्यांची झडती व्हायची. आत रेवणप्पा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेले. तिथूनच खेकसायचे, "पहाटं पहाटं बाजार भरवलाय का हितं?" काकू ऐकलं न ऐकलं करायच्या आणि एक फूल मुकाट्यानं त्यांच्या ताटात आणून ठेवायच्या.

वैशाखात काकू गेल्या. साधा ताप म्हणून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मुलगा संगमेश्वर पुण्याहून आला, समाधीचं सगळं रीतसर झालं, आणि "आप्पा, दुकान विका, पुण्याला चला" असं सांगून तो कंपनीच्या रजेपुरता राहून गेला.

त्यानंतर पहाटेचं फाटक वाजलं नाही. खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस रेवणप्पांना बरंच वाटलं. पूजा शांततेत होऊ लागली. मग ती शांतता घरभर पसरली, भांड्यांत, माळवदावर, काकूंच्या रिकाम्या पाटावर, आणि ती काही केल्या हटेना. रेवणप्पा पहाटे कान देऊन बसू लागले. आयुष्यभर ज्या कलकलाटाला नाकं मुरडली, तो त्यांना आता हवा होता. कुणीतरी यावं आणि हाक मारावी, एवढंच. फाटकाची कडीसुद्धा त्यांनी काढून ठेवली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

बायका का येत नाहीत? दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ जाऊन विचारलं असतं. पण रेवणप्पा पडले दुकानदार. त्यांनी दुकानदाराच्या अकलेनं विचार केला. दोन-तीन वर्षांपूर्वी बाजारात रंगीबेरंगी पुड्या आल्या, शांपूच्या, चहाच्या, सुपारीच्या. रेवणप्पांनी हट्टानं सुटा चहा आणि शिकेकाईच ठेवली. बघता बघता गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. शेवटी त्यांनीही पुड्यांच्या माळा दारात टांगल्या आणि गिऱ्हाईक परत आलं. तेव्हापासून त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती की रंग दिसला की माणूस वळतो. आता टीव्हीवर रोज नवे रंग बघणाऱ्या बायका त्या फिक्कट फुलासाठी कशाला येतील? माल जुना झाला. माल बदलायला पाहिजे.

दसरा झाल्यावर ते एसटीनं मांजरसुंब्याला गेले. फाट्यावर ढाब्याच्या बाजूला बंकट नावाच्या माणसानं नवी रोपवाटिका काढली होती. रेवणप्पांनी तांदूळ पारखावेत तशी रोपं पारखली. एकावर छोटंसं पिवळं फूल होतं, कडेला केशरी आणि टोकाला लालभडक.

"हे कलमी हाय आप्पा," बंकट म्हणाला. "सकाळी पिवळं, दुपारी केशरी, सांजच्याला लाल. लई मागणी हाय. जोडाच्या गाठीखालून फुटवा आला की खुडायचा, न्हाईतर जंगली माजतंय. आन हाडाचं खत घाला, मग बघा."

"हाडाचं?" रेवणप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. "आमच्या दारात हाड? डोकं ठिकाणावर हाय का?"

"मग शेंगदाण्याची पेंड घाला की. झाडाला काय जात असती का?"

पेंड तर दुकानात होतीच. रोप घरी आलं. फाटकाजवळची जागा एकच, तिथं गावठी गुलाब. नवा माल मांडायचा तर जुना काढावा लागतो, हेही दुकानदाराचंच शहाणपण. रेवणप्पांनी काकूंचं झाड खणून काढलं. मूळ खोल गेलेलं होतं, हातांना काटे लागले. झाड गल्लीच्या नालीजवळ टाकून दिलं, आणि त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. का गेलं नाही, याचा मात्र त्यांनी विचार केला नाही.

नव्या गुलाबाची त्यांनी केलेली सेवा बघून संगमेश्वरला हेवा वाटला असता. काळी माती, शेणखत, भिजवलेली पेंड. पानांवर मावा कीड पडली तर तंबाखूचं पाणी. गाठीखालचा फुटवा दिसला की चिमटीत धरून खुडायचा. ज्या माणसानं घरात कधी तांब्या उचलून ठेवला नाही, तो बादलीभर पाणी घेऊन फाटकापर्यंत खेपा घालू लागला. माघात झाड असं फुललं की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरायचा. "आप्पा, काय गुलाब हाय!" म्हणायचा, आणि पुन्हा सायकलवर बसायचा. आत कुणी आलं नाही. फूल कुणी मागितलं नाही.

एकदा त्यांनी स्वतःच एक फूल पूजेला घेतलं. ते एवढं मोठं होतं की तळहातावरचं लिंग त्याच्याखाली झाकून गेलं. नाकाशी नेलं तर वास कशाचाच नाही. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि बेलाच्या पानावर पूजा उरकली.

तरी एक आशा होती. महाशिवरात्र. त्या दिवशी फुलांवाचून कुणाचं अडत नाही? रेवणप्पा अंधारातच उठले. अंघोळ केली, दारातला दिवा लावला, फाटक सताड उघडलं आणि खुर्ची टाकून बसले. विचारलं तर काय म्हणायचं, हेही पाठ करून ठेवलं होतं, "ने की गं, इचारती कशाला?" काकूंचंच वाक्य. त्यांच्या तोंडात ते अवघडल्यासारखं होत होतं, म्हणून दोनदा पुटपुटून पाहिलं.

बायका आल्या. फाटकावरून पुढं महादेवाकडं निघाल्या. प्रत्येकीच्या ताटात बेल होता, आणि बेलावर फिक्कट गुलाबी फुलं. वाऱ्याबरोबर तो वास आला आणि रेवणप्पा खुर्चीवरून उभेच राहिले. घरात काकू असताना यायचा, तोच वास.

सगळ्यांच्या मागं शेजारच्या भिवराबाई चालल्या होत्या. काकूंच्या जिवाभावाच्या.

"भिवराबाई," रेवणप्पांनी हाक मारली, "ही फुलं कुठली?"

भिवराबाई थांबल्या. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी पदर नीट केला.

"काकूच्या झाडाची हायती आप्पा. तुमी उपटून नालीवर टाकलंतं न्हवं का? आमाला बघवंना. एकएकीनं एकएक फांदी न्हेली. लागली सगळ्यांची. तुमच्याच दुकानातल्या तेलाच्या डब्यात लावलीया म्या."

"आन माझ्याकडं कावून कुणी आलं न्हाई?"

"बाईमाणूस न्हाई घरात. एकल्या गड्याच्या दारात पहाटं कसं यावं? आन तुमाला तर आमचा कालवा सोसत नव्हता." मग त्या जरा मऊ झाल्या. "आता घरोघरी झाड झालं. काम काय उरलं यायचं?"

गल्लीतल्या घराघरात रेवणप्पांची बायको फुलत होती, आणि एकट्या त्यांच्याच दारात ती नव्हती. तीही त्यांनीच काढून टाकलेली. त्यांचे डोळे भरून आले. भर रस्त्यात, बायामाणसांपुढं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"एक फूल न्हेतो," ते कसेबसे म्हणाले. "पूजा राहिलीया."

"न्ह्या की आप्पा," भिवराबाई म्हणाल्या, "इचारता कशाला?"

त्यांनी ताटातलं एक फूल उचलून पुढं केलं. रेवणप्पांनी सवयीनं डावा तळहात पसरला.

"थांबा, देवाहून आल्यावर एक फांदीच काढून देते," भिवराबाई म्हणाल्या. "लावा दारात. पावसाळ्यापतोर फुलं येतील, मग मागायची बी गरज न्हाई."

रेवणप्पांनी मान हलवली. मूठ हलकेच मिटून फूल आत धरलं.

"फांदी नगं," ते म्हणाले. "दारात झाड झालं तर मला यायला काम काय उरंल?"