फक्कीची बेचाळीस वर्तुळं

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. तुपाचा वास कधीच उडाला, बुडाला गंज चढला. पण बोरीचा माळ काही माझी पाठ सोडत नाही.

आळेफाट्याला दलीचंद शेठच्या किराणा दुकानात मी आधी तुपाचा, मग गुळाचा, शेवटी खिळ्यांचा डबा झालो. २००३ साली त्यांच्या मुलाने, पीयूषने, माझ्या बुडाला भोकं पाडली आणि आत पांढरी फक्की भरली. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. काय ऐट होती माझी तेव्हा!

बोरी बुद्रुकच्या कोरड्या माळावर एक दुर्मीळ सरडा राहत होता. उन्हाळ्यात नर दगडावर चढून निळाशार गळा फुलवायचा. तो कुठे कुठे आहे, याची पाहणी पीयूष करत होता. शेळ्या राखणाऱ्या कुशाबाई त्याला जागा दाखवायच्या.

"त्यो बग, नवरदेव कसा बसलाय!"

सरडा दिसला, की त्या दगडाभोवती माझ्यातल्या फक्कीचं वर्तुळ पडायचं. दोन महिन्यांत बेचाळीस झाली.

माळाचे मालक हौशीराम तिथे डाळिंब लावणार होते. पीयूषने त्यांना हात जोडले. भला माणूस! "तुमची गोलं सोडून बाकीचं सपाट करू, राव," म्हणाले. आम्ही निर्धास्त झालो.

हौशीराम लग्नाला गेले आणि खोदाईचं मशीन एक दिवस आधीच आलं. आमच्याकडे विहीर असो, पाया असो, फक्की पडली की तिथे खणायचं. मशीनवाल्या संपतने तेच केलं.

पीयूष मला घेऊन पोचला, तेव्हा संपत खुशीत घाम पुसत होता. "एक बी खूण सोडली न्हाई, भाऊ. बाकीचा माळ उद्या."

पीयूष एकेका खड्ड्यापाशी धावत गेला. कुशाबाई उकरलेल्या मातीत हात घालून चाचपत राहिल्या. "अंडी व्हती रं माद्यांच्या पोटात," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पीयूषने दहा दिवस आसपासचे सगळे माळ पालथे घातले. मला भरून नेलं, तसंच भरलेलं परत आणलं.

आता मी दुकानाच्या माळ्यावर पडून असतो. चैत्रात भर दुपारी पत्रा तापला, की दगडावर बारीक नखं वाजल्यासारखी वाटतात. मला भीती वाटते, मित्रांनो, आणि लाजही वाटते.

एखाद्या जिवाला जपायला खूण कराल, तेव्हा ती कशाची आहे हे सगळ्यांना सांगा. पीयूषने मालकाला सांगितलं, कुशाबाईंना सांगितलं. संपतला सांगायचं राहिलं. तो तर रोज सकाळी दुकानासमोरच चहा प्यायचा.